आधी बंगल्यावर दाखवा

तुमच्या गावचा सरकारी डॉक्टर संध्याकाळी कुणाचा असतो?

सकाळचं मी विचारत नाही. सकाळी तो सरकारचा असतो, निदान हजेरीपटावर तरी. पण संध्याकाळी त्याच्या घरासमोर, पोर्चमध्ये, जिन्याखालच्या गाळ्यात जी माणसं बसलेली असतात, त्यांतली कितीतरी त्याच दिवशी सकाळी त्याच्याच सरकारी दवाखान्यातून "संध्याकाळी या" ऐकून आलेली असतात. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मोठ्यानं बोलणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. तो उद्धटपणा आमच्या घरात पिढीजात आहे.

माझे बाबा आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिकवायचे आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. पाण्याच्या टाकीवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर, सोसायटीच्या गोदामावर ती लागायची. गुलाबी कागद स्वस्त मिळायचा म्हणून आमच्या घरची क्रांती गुलाबी होती. चिकटवायला लागणारी खळ आई गव्हाच्या पिठाची शिजवायची आणि पोळ्यांना पीठ उरत नाही म्हणून कुरकुरायची. खळीची बादली धरायचं काम माझं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. 'अननस'च्या आधी मला 'अन्याय' वाचता येत होता.

त्यांतलं एक पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. त्याचा मथळा होता, 'आधी बंगल्यावर दाखवा'. गावात कुणी आजारी पडलं की शहाणीसुरती माणसं हेच सांगायची. बंगला म्हणजे सरकारी दवाखान्याच्या आवारातलं डॉक्टरांचं राहतं घर, साहेबाच्या काळात बांधलेलं, पुढे लांबलचक व्हरांडा. दवाखाना आणि बंगला यांच्यामध्ये एक बुचाचं झाड आणि पन्नासेक पावलं. पण दवाखान्यात थेट गेलं तर सलाइन संपलेलं असे, एक्स-रेचं मशीन बंद असे आणि डॉक्टर 'राऊंडला' असत. तेच डॉक्टर संध्याकाळी बंगल्यावर भेटले, त्यांची फी दिली, की दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात खाट मिळे, सलाइन मिळे, मशीनही चालू होई. बाबांनी एवढंच लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न होता: मशीन कशानं बिघडतं, आणि कशानं दुरुस्त होतं?

पत्रकात नाव नव्हतं. गावात सरकारी डॉक्टर एकच होते, त्यामुळे नावाची गरज नव्हती. ते माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, आमचे काका. बदल्या टाळत, आलेल्या रद्द करून घेत, ते त्याच बंगल्यात राहिले होते. पत्रक लागलं त्या वर्षी आत्या भाऊबीजेला आली नाही. पुढच्याही वर्षी नाही. मग आईनं तिच्यासाठी साडी आणून ठेवायचंही सोडलं.

मी आता जर्मनीत हायडेलबर्गला पीएचडी करते. माझा विषय बाबांचाच आहे, फक्त जुना: इंग्रज सरकारनं आपल्या अधिकाऱ्यांना, त्यातही डॉक्टरांना, खासगी धंदा करायला मुभा का दिली आणि तिचं पुढे काय झालं. जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनला सरकारी पगार, सरकारी बंगला, सरकारी इस्पितळ, आणि वर पैसेवाल्यांकडून खासगी फी. अट एकच, सरकारी कामात अडथळा येता कामा नये. अडथळा येतो की नाही हे कोण ठरवणार? बहुतेक वेळा साहेबच. मला ही अट पहिल्यांदा वाचनालयात दिसली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्यानं कानातले बोळे दाखवले. साहेब गेला, पण अट मागे ठेवून गेला. बंगलाही. माझ्या गाइडबाई प्रत्येक प्रकरणावर एकच शेरा मारतात: राग कमी कर, तळटीपा वाढव.

तळटीपा मी वाढवते. रागाचं मात्र जमत नाही. का जमत नाही ते सांगते.

आत्याचा मुलगा, आमचा दादा, ब्राउनश्वाइगला इंजिनिअर आहे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. काका वारल्यावर काही वर्षांनी आत्या पहिल्यांदा त्याच्याकडे आली. दादानं भांडण कधी मनावर घेतलं नव्हतं. त्यानं फोन केला, "वीकएंडला ये. आई तुला बघायचं म्हणतेय. म्हणजे तसं म्हणाली नाहीये, पण मला कळतं." मी शनिवारी गेले. आत्यानंच दार उघडलं. मी वाकून नमस्कार केला.

"असू दे, असू दे. बापासारखीच झालीस," ती म्हणाली. "तेवढीच किडकिडीत आणि तेवढीच तोऱ्यात. जेवतेस की नुसती भांडतेस?"

जेवताना ती दोनदा डावा डोळा मिटून उघडताना दिसली. डोळ्यात मधूनच वीज चमकल्यासारखं होतंय म्हणाली. "अहो आई, झोप झाली नसेल, प्रवासाचा शीण अजून गेला नाही तुमचा," वहिनी म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी सकाळी आत्यानं चहा कपाच्या बाहेर ओतला. मेजावरून खाली सांडेपर्यंत ओतत राहिली. मग किटली खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "ह्या डोळ्यापुढे पडदा आलाय. काळा. खालून वर चढतोय."

मी कोट घ्यायला उठले. डोळ्यांचं मला काही कळत नाही, पण पडदा चढत असेल तर बसून राहायचं नसतं एवढं कळतं. इथल्या मोठ्या इस्पितळात नोटआउफनामे म्हणजे तातडीचा विभाग असतो. तो रविवारीही उघडा असतो. तिथे चिठ्ठी लागत नाही, ओळख लागत नाही. जायचं आणि सांगायचं.

"थांब, थांब, थांब," दादा म्हणाला. "असं डायरेक्ट नाही जायचं. तिथल्या डोळ्यांच्या विभागाचा शेफआर्त्स्ट, म्हणजे हेड, आपल्या पुढच्याच गल्लीत राहतो. त्याला आधी घरी दाखवू. माझी ओळख आहे."

"कसली ओळख?"

"रविवारी बेकरीच्या रांगेत असतो ना आम्ही दोघं."

"बोललायस कधी त्याच्याशी?"

"त्याच्या कुत्र्याशी बोललाय," वहिनीनं परस्पर सांगितलं.

पण दादा ऐकेना. आत्याच्या बॅगेतला कंदी पेढ्यांचा डबा पिशवीत घालून तो निघालासुद्धा. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आला. घर बंद होतं. शेजारणीनं सांगितलं, मंडळी हार्त्सच्या डोंगरात फिरायला गेलीत, संध्याकाळी येतील. पिशवी त्यानं दाराच्या मुठीला अडकवली होती, वर चिठ्ठी लावून.

"संध्याकाळी येतील तेव्हा मी दारातच उभा राहतो. गेनाऊ, एकदम बरोबर, काही प्रॉब्लेम नाही. तोपर्यंत आई, तू पडून राहा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. या माणसाचं अर्धं आयुष्य या देशात गेलंय. इथे प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा असते हे तो भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः समजावून सांगतो. बाटल्या कुठे टाकायच्या यावर त्याचं भाषण असतं. आणि आईच्या डोळ्यापुढे पडदा आल्यावर तो कुठे गेला, तर बंगल्यावर. जर्मनीत बंगला नाही म्हणून त्यानं एक शोधून काढला.

"दादा, आत्ताच्या आत्ता तिला इस्पितळात न्यायचं," मी म्हणाले.

"तिथे रविवारी कोण असणार? शिकाऊ पोरं. हेडला आधी माहीत असलं की सगळं नीट होतं. जगात सगळीकडे असंच चालतं."

"चालतं नाही. चालवलंय."

"झालं सुरू!" तो हात जोडून म्हणाला. "मामाचं पत्रक नंबर दोन. माझ्या आईच्या डोळ्यावर तुला तुझ्या बापाचं पत्रक खरं करून दाखवायचंय का?"

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. "पत्रक खोटं निघालं तर मीच फाडीन," मी म्हणाले. "पण आधी कोट घालू दे तिला."

आत्या सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. आता ती बोलली, आणि दादाच्या बाजूनं बोलली. "तो म्हणतोय ते बरोबर आहे. थेट येणाऱ्यांचं काय होतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

"काय होतं?"

"होतं काय, बसून राहतात. हे वाईट नव्हते हो. मध्यरात्री साप चावलेला माणूस आला तर अनवाणी धावायचे, पैसे नाही विचारायचे. पण सकाळी दवाखान्यात ज्यांना बघायचे त्यांना सगळं सकाळीच सांगितलं, तर संध्याकाळी व्हरांड्यात कोण येणार? म्हणून उद्या या, परवा या. मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगायचं, आधी बंगल्यावर दाखवा. सांगणारी बऱ्याचदा मीच असायची. भाजीला गेले की."

दादा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटतं त्यालाही हे सगळं माहीत होतं, पण आईच्या तोंडून त्यानं ते कधी ऐकलं नसावं. आणि मी, पत्रकांवर वाढलेली मी, जिंकल्यासारखं वाटण्याची वाट बघत होते. तसं काहीच वाटलं नाही. पडदा चढत होता.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आत्या, व्हरांड्यातली रांग तूच लावायचीस ना?"

"मग! कोण लावणार? चेहऱ्यावरून ओळखायची मी, कुणाला थांबवायचं आणि कुणाला नाही. तुझ्या बापानं ते लिहिलं नाही कधी."

"एखादी बाई अशी डोळ्यापुढे पडदा घेऊन आली असती तर?"

"पहिली आत पाठवली असती."

"आणि काका घरी नसते तर?"

तिनं चांगला डोळा मिटला आणि वाईट डोळ्यानं माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. माझा चेहरा तिला किती दिसला कोण जाणे.

"ते घरी नसले," ती सावकाश म्हणाली, "की माणसं बसून राहायची. एक म्हातारा असाच..." गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. "माझ्या चपला कुठायत?"

"आई, बाहेर थंडी आहे, चपला काय," दादा म्हणाला आणि स्वतः खाली बसून तिच्या पायांत बूट चढवायला लागला. गाडीही त्यानंच काढली. वाटेत त्यानं गाडी कधी नव्हे ती वेगाची पाटी न बघता चालवली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती. माझ्याच वयाची असेल, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिनं थेंब टाकले, आत्याचं डोकं यंत्राला टेकवलं, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, कधीपासून?

मी मराठीत विचारलं. "आज सकाळपासून," आत्या म्हणाली.

"आत्या. काल वीज चमकत होती."

"ते कशाला सांगायचं? ओरडेल ना ती."

मी सांगितलं. डॉक्टर ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग सकाळी पडदा दिसल्यावर लगेच का नाही आलात?" माझं जर्मन बरं आहे. ही गोष्ट सांगायला लागणारे सगळे शब्द मला येत होते, पण ते एकापुढे एक लावले की त्यातून वेडेपणाच तयार होत होता. शेवटी मी म्हणाले, "आम्ही तुमच्या मुख्य डॉक्टरांना घरी भेटायला गेलो होतो. ते नव्हते."

तिला खरंच कळलं नाही. "घरी? पण त्यांची आज सुट्टी आहे. आज ड्युटीवर मी आहे."

एवढंच. आज ड्युटीवर मी आहे. त्यात तोरा नव्हता, उपकार नव्हता. भिंतीवर घड्याळ आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी ते आत्यासाठी भाषांतरित केलं. आमच्या तालुक्यात हे वाक्य कुणी बोललं असतं तर बाबांना आयुष्यभर पत्रक लिहावं लागलं नसतं.

डोळ्याच्या आतला पडदा वरच्या बाजूनं सुटला होता; डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून आत्याला तो खालून चढताना दिसत होता. अजून मधोमध पोहोचला नव्हता, पण फार दूरही नव्हता. "तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते," डॉक्टर म्हणाली. हे मी दादाकडे बघून मराठीत सांगितलं. मुद्दाम. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली.

आत्याला दाखल करून घेतलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होणार होतं. बाहेर कॉफीच्या मशीनपाशी दादानं मला गाठलं.

"एक ऐक," तो म्हणाला. "बाबांना नुसत्या पगारावर ठेवलं असतं, तर पहिल्या वर्षात सोडून शहरात गेले असते. मग तुझ्या तालुक्यात बंगला पण नाही आणि डॉक्टर पण नाही. हे कुठल्या पत्रकात होतं?"

प्रश्न खरा आहे. साहेबाच्या काळातही हाच होता: खासगी धंदा बंद केला तर लांबच्या जिल्ह्यात कोण राहील? मी त्याला म्हणाले, मग पगार वाढवा. घर द्या, औषधं द्या, मुलांना शाळा द्या, आणि हे सगळं उजळ माथ्यानं मागा. मी तुमच्यासाठी पत्रक लिहीन, खळ शिजवीन. पण ज्याची संध्याकाळ सकाळच्या गैरसोयीवर चालते त्याला सकाळ सुधारायला सांगू नका. तो कितीही चांगला असला तरी नाही. काका साप चावलेल्यासाठी अनवाणी धावायचे, मान्य. तो त्यांचा चांगुलपणा होता. लोकांना चांगुलपणा नको होता, डॉक्टर जागेवर हवा होता.

"तुझ्याशी बोलणं म्हणजे..." दादा म्हणाला, आणि त्यानं माझ्या कॉफीत न विचारता साखर घातली. लहानपणी तो माझ्या दुधात घालायचा तशी.

इथे थांबले असते तर गोष्ट फार सोपी झाली असती. आपल्याकडे वाईट, इकडे छान. तसली पत्रकं मी लिहीत नाही.

सोमवारी सकाळी आत्याच्या खाटेपाशी कार्यालयातली एक बाई आली. हसतमुख होती. ती म्हणाली, मुख्य डॉक्टरांनी स्वतःच ऑपरेशन करावं अशी इच्छा असेल तर इथे सही करा, त्याचं बिल वेगळं येईल. दादाचा चेहरा उजळला. "बघ! आहे ना इथेपण? मी काय म्हणत होतो! फक्त इथे ऑफिशियल आहे."

आणि तो चूक नव्हता. तो बंगलाच होता. व्हरांडा नव्हता, बुचाचं झाड नव्हतं, सगळं उजेडात आणि कायद्यानं होतं. पण सरकारी इस्पितळातल्या सरकारी यंत्रांवर, त्याच दिवसात, त्याच हातांसाठी एक दुसरं दार होतं. या देशात ज्याचा विमा खासगी असतो त्याला भेटीची वेळ लवकर मिळते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, आणि पगार वाढला की पहिल्यांदा काय करायचं तर तो विमा घ्यायचा, हेही.

तेवढ्यात ते मुख्य डॉक्टर स्वतःच राऊंडला आले. उंच, उन्हानं रापलेले. दादाला ओळखून म्हणाले, "अच्छा, मिठाई तुमची होती! आभार, पण मला ठेवता येत नाही." पेढ्यांचा डबा त्यांनी नर्सच्या टेबलावर ठेवला होता. बाहेर तो फिरतच होता.

मी त्यांना विचारलं, "यांनी सही केली नाही तर ऑपरेशन कोण करेल?"

"आजच्या यादीत ज्यांचं नाव आहे ते. माझे वरिष्ठ सहकारी, आणि काल तुम्हाला भेटलेली डॉक्टर मदतीला."

"आणि सही केली तर?"

"मी."

"वेळ बदलेल?"

"नाही. हे तातडीचं आहे."

"यांना तुमची गरज आहे का?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "या ऑपरेशनसाठी? नाही."

"मग हा कागद कशासाठी?"

"माझ्या करारात तशी तरतूद आहे," ते थोडे हसून म्हणाले.

"आमच्याकडे इंग्रज साहेबाच्याही होती," मी म्हणाले.

दादानं माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, यावर एकदा निवांत बोलायला हवं. मीही म्हणाले, हवंच. अजून बोलणं झालेलं नाही, पण मी विसरलेली नाही.

"काय म्हणतोय तो?" आत्यानं विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितलं, माझ्या बाजूनं मीठमसाला न लावता. दादा म्हणाला, "आई, सही कर. एवढं काय!" आत्या माझ्याकडे वळली.

"कालची पोरगी असणार आहे ना तिथे?"

"हो."

"मग सही नको. काल ती जागेवर होती." आणि लगेच माझ्याकडे तोंड करून, "उगाच खूश होऊ नकोस. तुझ्या बापासाठी नाही करत मी हे."

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, त्यामुळे पहिला दिवस तिला पालथंच झोपायचं होतं, चेहरा उशीतल्या भोकात, नजर जमिनीकडे. बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसता येणार नव्हतं, म्हणून दादा व्हिसा वाढवायच्या धावपळीला लागला होता. मी खाटेशेजारी बसले होते. अर्धवट झोपेत असेल असं वाटत होतं, तेवढ्यात उशीखालून आवाज आला.

"म्हण."

"काय म्हणू?"

"ते. तुझ्या बापाचं. तुला पाठ असणार, मला माहीत आहे."

मी म्हटलं. पहिल्या ओळीपासून. खळीचा वास नाकात आला. 'बंगल्याच्या व्हरांड्यात एका बाकावर पैसेवाले बसतात आणि गोरगरीब जमिनीवर' इथपर्यंत आले, तशी तिनं मला तोडलं.

"दोन बाकं होती."

"काय?"

"दोन बाकं होती व्हरांड्यात. दुसरं मी माझ्या माहेरच्या पैशांतून करून घेतलं होतं, म्हाताऱ्यांसाठी. त्याच्यावर मी कुणा पैसेवाल्याला बसू दिलं नाही कधी. लिहायच्या आधी विचारायचं तरी. बहीण होते मी त्याची."

तिचं म्हणणं रास्त होतं. बाबांनी मशीन मोजलं, सलाइन मोजलं. व्हरांड्यात त्यांची बहीण उभी होती, तिला मोजायचं राहून गेलं.

"बाकी?" मी विचारलं. "बाकीचं कसं आहे?"

ती जमिनीकडे बघत होती. दुसरीकडे कुठे बघायची तिला मुभाच नव्हती.

"बाकीचं खरं आहे," ती म्हणाली. "त्याला सांग, पुन्हा छाप. पण बाक दुरुस्त कर. आणि गुलाबी कागद नको, मेला वाचता येत नाही."

मी त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. आत्याच्या ऑपरेशनचं आणि तिच्या निरोपाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, डोळा कसा आहे? मी म्हणाले, खालचं थोडं धूसर राहील, पण दिसेल म्हणतात. ते म्हणाले, पांढरा कागद महाग पडेल. आणि मग, "तिला दे फोन." उशीतल्या भोकात फोन कसा धरला ते मलाच माहीत. दोघं काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही.

पत्रक पुन्हा छापून झालंय, पांढऱ्या कागदावर, दोन बाकांसकट. बंगल्यात आता दुसरे डॉक्टर राहतात. व्हरांड्याला जाळी बसवलीय आणि रांग आता पोर्चमध्ये लागते, असं बाबा सांगतात. भिंती बाबा बघतील. तुमच्याकडे माझी मागणी दुसरी आहे. पुढच्या वेळी तुमच्या घरात कुणी आजारी पडलं आणि कुणी म्हणालं, "आधी घरी दाखवून घेऊ", तर नको म्हणा. थेट सरकारी दवाखान्यात जा. खिडकीपाशी उभे राहा आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारा, आत्ता ड्युटीवर कोण आहे? नाव सांगितलं तर त्या माणसाला बोलवा म्हणा. 'साहेब बंगल्यावर आहेत' असं उत्तर आलं, तर पेशंट कासावीस असेल तेव्हा आधी त्याला मिळेल तिथे न्या, त्याच्या जिवावर तत्त्व पाळू नका. पण दुसऱ्या दिवशी परत या. त्याच खिडकीपाशी उभे राहा. तोच प्रश्न विचारा, आणि मागे उभ्या असलेल्या माणसालाही विचारायला लावा.